रुमालाखालचं उत्तर

आधी माफी मागतो. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नाही. आजवर आमच्याकडे लिहिलं गेलं ते रजेचे अर्ज, दाखल्यांसाठीचे अर्ज आणि एकदा नळाला पाणी येत नाही म्हणून केलेली तक्रार. तेही बहुतेक मीच लिहिलं, कारण कॉलेजात गेलेला घरातला पहिला मीच. तेवढ्या भांडवलावर लोकांनी वाचावं असं काही लिहू नये, हे मला कळतं. शिवाय हे माझ्या एकट्याचं नाही. माझ्या भावाचंही आहे आणि त्याला मी विचारलेलं नाही. विचारलं तर तो "लिही की" म्हणेल. पण त्याच्या "लिही की"मधलं खरं किती, हे मला आता ओळखता येत नाही.

पुण्याजवळच्या दापोडीत रुळांच्या बाजूच्या गल्लीत आमची एक खोली आहे, मागे पडद्याने वेगळा केलेला स्वयंपाकाचा कोपरा. आई, दादा, वहिनी आणि मी. वडील बीडकडून येऊन फाउंड्रीत लागले होते. मी सातवीत असताना ते गेले. दादा तेव्हा बारावीला बसणार होता, तो बसलाच नाही. चाकणला एका प्रेस शॉपमध्ये लागला, पत्र्याला दाब देऊन गाड्यांचे भाग काढतात तिथे. मी बारावी झालो, पदवी घेतली, मग समाजकार्याच्या एम.ए.ला गेलो. माझ्या प्रत्येक निकालाला दादा गल्लीत पेढे वाटायचा आणि मी किती टक्के पाडले ते चुकीचं सांगायचा, नेहमी दोन-चार वाढवून.

दुसऱ्या वर्षी मला फील्डवर्कसाठी चाकणजवळचं एक धर्मादाय रुग्णालय मिळालं. आठवड्यातून तीन दिवस, सोमवार ते बुधवार. काम साधं होतं. ओपीडीत केसपेपर काढून झाला की पेशंट आधी माझ्या टेबलाशी यायचा. मी एक कागद भरायचो: तंबाखू, मिसरी, गुटखा, दारू, गांजा, झोपेच्या किंवा दुखण्याच्या गोळ्या. काय घेता, आठवड्यातून किती दिवस. मग तो कागद केसपेपरला टाचून पुढे डॉक्टरांकडे. खोकल्याला आलेला असो, पाय मुरगळलेला असो, बाळाला घेऊन आलेली आई असो, सगळ्यांना तेच प्रश्न.

हे शिकवलं ओपीडीच्या सिस्टरनी. बाई मूळच्या कोकणातल्या, सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन इथे आलेल्या. पहिल्या दिवशी मी दारूचं विचारताना आवाज खाली घेतला. त्यांनी मला बाजूला घेतलं. "ताप किती दिवस आहे हे ज्या आवाजात विचारतोस, त्याच आवाजात हे विचारायचं," त्या म्हणाल्या. "तू कुजबुजलास की समोरच्याला वाटतं आपण चोरी केलीय."

आणि हे कशासाठी विचारायचं तेही त्यांनीच सांगितलं. रोज पिणारा माणूस हात मोडून भरती होतो, कुणी विचारत नाही, तो सांगत नाही. दवाखान्यात दारू तुटते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो भ्रमायला लागतो, सलाइन उपटतो, झटके येतात. कधी हाताच्या दुखण्याला आलेला माणूस त्यातच जातो. आधी माहीत असेल तर गोळ्या देऊन हे टाळता येतं. म्हणून आपण न्यायाला बसलेलो नाही, आपण फक्त विचारतो, आणि इथे सांगितलेलं घरी, कंपनीत, कुठेही जात नाही. हे शेवटचं वाक्य प्रत्येकाला म्हणायचं, असा नियम होता. मी ते शेकडो वेळा म्हटलं असेन.

अडचण बाकड्याची होती. वेगळी खोली नव्हती. रांगेचं बाकडं माझ्या टेबलाला चिकटून, पेशंटच्या मागे पुढचे सात-आठ जण कान टवकारून बसलेले. एकदा एका वेल्डरला विचारलं तर तो म्हणाला, सणासुदीला थोडी. मागून त्याच्याच कंपनीतला एक जण म्हणाला, "राव, लिहून घ्या, ह्याच्याकडं रोज सण असतोय." सगळं बाकडं हसलं. त्यानंतर त्या सकाळी आलेल्या एकाही माणसाने कशालाही हो म्हटलं नाही. बायकांचं वेगळंच. मिसरी लावता का म्हटलं की म्हणायच्या, तसलं काही नाही, दात घासते तेवढं. दिवसातून किती वेळा घासता म्हटलं की शेजारणीकडे बघून तोंडाला पदर लावायच्या.

मार्ग दाखवला तो एका म्हाताऱ्याने. आजोबा चाकणच्या बैलबाजारात दलाली करायचे, गुडघ्यासाठी आले होते. मी दारूचं विचारलं तसे त्यांनी वळून बाकड्याकडे बघितलं. मग म्हणाले, "आरं, इतक्या मानसांत कुनी आकडा बोलतं व्हय? हात हिकडं आन." खांद्यावरचा रुमाल त्यांनी आमच्या दोघांच्या हातांवर टाकला आणि खाली माझी चार बोटं धरून दाबली. बैलाचा भाव असाच ठरतो. घेणारा, देणारा आणि दलाल रुमालाखाली बोटांनी बोलतात, भोवती शंभर माणसं उभी असली तरी आकडा त्यांना कळत नाही. आठवड्यातले चार दिवस. मी चार लिहिलं. आजोबा रुमाल झटकून खांद्यावर टाकत म्हणाले, "आता औशीद लिव्ह म्हनावं डाक्टरला."

दुसऱ्या दिवशी मी सिस्टरकडून ऑपरेशन थिएटरमधलं एक जुनं हिरवं कापड मागून घेतलं. पद्धत सोपी ठेवली. जितके दिवस तितकी माझी बोटं धरायची. सहा किंवा सात असतील तर आधी पाचही धरून सोडायची, मग एक किंवा दोन. काहीच घेत नसाल तर नुसता तळवा माझ्या तळव्यावर टेकवायचा. सुरुवातीला लोक हसले. डॉक्टरांनीही, बैल कितीला गेला, असं विचारून घेतलं. पण हात बोलायला लागले. नाही नाही म्हणत मान हलवणारा माणूस खाली पाच बोटं धरून, सोडून, पुन्हा दोन धरायचा. एक बाई तोंडाने "तसलं काही नाही" म्हणाली आणि रुमालाखाली माझा सगळा पंजा घट्ट धरून बसली, सोडेचना. डॉक्टर कागद वाचूनच पुढचे प्रश्न विचारू लागले. काही जण गुरुवारच्या समुपदेशनाला यायला लागले. सिस्टर मला फार काही म्हणाल्या नाहीत, पण एक दिवस स्वतःच्या डब्यातली सांदणं त्यांनी माझ्या डब्यात ठेवली.

मी कॉलेजच्या फील्डवर्क जर्नलमध्ये लिहिलं, "रुमालाखाली कुणी खोटं बोलत नाही." आमच्या मॅडमनी त्याखाली लाल शाईने रेघ ओढून छान लिहिलं. ती वही अजून माझ्याकडे आहे.

डिसेंबरच्या सुमारास दादाचं हर्नियाचं दुखणं वाढलं. प्रेसवर वजन उचलून झालेलं. मी म्हटलं, आमच्याच रुग्णालयात करू. त्याला तिथे आणलं तेव्हा मी खूप खुशीत होतो हे कबूल करतो. सिक्युरिटीवाले मला ओळखत होते, केसपेपरवाल्याने आमचा नंबर जरा आधी घेतला. दादा कपाळाला आठी न घालता सगळं बघत होता. माझं टेबल बघून तो हळूच म्हणाला, "इथं बसतो व्हय तू, बारक्या?" घरात तो मला बारक्याच म्हणतो.

सिस्टरचा एक नियम मी आतापर्यंत सांगितला नाही. आपल्या नात्यातला, ओळखीतला माणूस आला तर आपण विचारायचं नाही, त्यांच्याकडे पाठवायचं. मला तो नियम त्या दिवशी आठवला होता. विसरलो असं म्हणणार नाही. पण दादा कोऱ्या कागदासारखा माणूस, त्याच्या बाबतीत विचारण्यासारखं आहेच काय, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्या बाकड्यासमोर माझ्या भावाने माझ्या टेबलाशी बसावं, मला काम करताना बघावं, अशी इच्छा होती. सिस्टर आत होत्या. मी कापड टाकलं.

त्याला सगळं वाक्य म्हटलं, इथे सांगितलेलं बाहेर जात नाही, ते धरून. तो थोडा हसला. तंबाखूला त्याने दोन बोटं धरली. ती मला माहीत होती. दारूचं विचारलं. त्याचा हात कापडाखाली थांबला. मग त्याने तळवा माझ्या तळव्यावर टेकवला. ओलसर होता, आणि बारीक थरथरत होता. प्रेसवर आठ तास काढणाऱ्याचा हात, असं मी मनाशी म्हटलं आणि शून्य लिहिलं.

शस्त्रक्रियेची तारीख मिळाली ती पुढे ढकलली गेली. दोन आठवडे. बीपी जास्त आहे, आधी गोळ्या घेऊ दे, असं सांगितलं. मी सिस्टरशी वाद घातला. कंपनीत त्याची रजा मंजूर झालीय, पुन्हा अर्ज करावा लागेल, आमच्यासारख्यांच्या वेळेला कुणी विचारत नाही, असंही काहीबाही बोललो. त्या ऐकून घेत होत्या. म्हणाल्या, "घाई करू नकोस. त्याच्या भल्याचं आहे." त्या दोन आठवड्यांत वहिनी वेळ पाळून त्याला गोळ्या द्यायच्या. दादा चिडचिडा झाला होता, घाम यायचा, जेवायचा नाही. बीपी, आम्ही म्हणायचो. निदान मी म्हणायचो.

शस्त्रक्रिया नीट झाली. चौथ्या दिवशी घरी सोडणार होते. कंपनीला रजेसाठी सगळ्या फाइलच्या प्रती हव्या होत्या, म्हणून मी फाइल घेऊन गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानदार एकेक पान उलटून काचेवर ठेवत होता. शेवटच्या कप्प्यातून त्याने दोन कागद काढले आणि विचारलं, "हे एकच आहे ना? दोनदा काढू का?"

दोन्ही माझ्याच टेबलावरचे छापील कागद होते. एक माझ्या अक्षरातला, दारूपुढे शून्य. दुसरा सिस्टरच्या अक्षरातला, त्याच तारखेचा. दारूपुढे सात. किती वर्षं, पाच. सकाळी हात थरथरतात का, हो. खाली एका ओळीत लिहिलं होतं, भावाला सांगू नये असे पेशंटचे म्हणणे.

दुकानदार वाट बघत होता. मी म्हटलं, हे दोन नकोत, बाकीचे काढा. कंपनीच्या गठ्ठ्यात ते पान जाऊ दिलं नाही, एवढं मात्र केलं. त्यावेळी मी कुणाचं राखत होतो ते मला सांगता येत नाही.

सिस्टर ड्रेसिंगच्या खोलीत होत्या. मी कागद पुढे धरला. आधी त्यांनी तो फाइलच्या कप्प्यात राहिला याबद्दल स्वतःलाच दोष दिला. मग त्यांनी सांगितलं की मी शून्य लिहून चहाला गेलो तेव्हा दादा परत आला होता. आत येऊन दार लोटून बसला आणि सगळं सांगितलं. म्हणून तारीख पुढे गेली. म्हणून गोळ्या. तसंच ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं असतं तर काय झालं असतं ते तुला मीच शिकवलंय, असंही म्हणाल्या.

मी म्हटलं, "मला सांगायला हवं होतं तुम्ही."

"का?"

"मी भाऊ आहे त्याचा."

त्यांनी हातमोजे काढले. "रोज पन्नास जणांना तू काय सांगतोस? इथलं घरी जात नाही. मग तुझ्या घरी तरी कसं जाईल?"

मी कागद त्यांच्या हातात दिला. पण त्यांच्याशी दोन आठवडे वाद घालत होतो तेव्हा त्या सगळं माहीत असताना माझ्याकडे शांतपणे बघत होत्या, हे आठवून मला त्यांचं तोंड बघवेना. नियम माझ्यापुरता वेगळा असावा असं तेव्हा मला खरोखर वाटत होतं.

घरी आल्यावर मी आधी आईला विचारलं. तिने निवडत असलेली भाजी खाली ठेवली नाही. म्हणाली, "तुला कशाला त्याचा ताप? तुझी परीक्षा व्हती." कोणती परीक्षा, मी म्हटलं. ती म्हणाली, "सगळ्याच."

म्हणजे पाच वर्षं. वहिनींनी मग थोडं थोडं सांगितलं. त्यांना लग्नाआधी सांगितलं नव्हतं, लग्नानंतर आठ दिवसांत कळलं. कंपनीची बस दादाला साडेसहाला फाट्यावर सोडायची, दुकान तिथेच. सातला घरी यायचा, बाटली स्वयंपाकाच्या कोपऱ्यात, पडद्यामागे. मी विचारलं, मग मला कधी कसं दिसलं नाही. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही अभ्यासिकेत असायचा ना भाऊजी."

अभ्यासिकेची जागा मला दादाने मिळवून दिली होती, पदवीच्या पहिल्या वर्षी. घरात गर्दी होते, तू सात ते दहा तिथंच बसत जा, असं त्याने ठरवून दिलं होतं. मी जेवायला आलो की तो भिंतीकडे तोंड करून झोपलेला असायचा आणि आई म्हणायची, हळू बोल, दमलाय. मी कॉलेजच्या मुलाखतीत त्या अभ्यासिकेबद्दल सांगितलं होतं. शिक्षण न मिळालेला भाऊ स्वतःहून धाकट्यासाठी जागा शोधतो, वगैरे. सांगताना मी डोळे पुसले होते आणि समोरच्या बाईंनी मला पाणी दिलं होतं.

वास यायचा नाही असंही नाही. यायचा. पण त्याच्या अंगाला तेलाचा, थिनरचा इतका वास असायचा की मी सगळा वास कंपनीच्या नावावर टाकला. एवढं माझ्या बाजूने मांडायला हवं.

दादाशी बोललो ते दोन दिवसांनी. तो गादीवर टेकून बसला होता, टाक्यांवर हात ठेवून. वहिनी पाणी भरायला गेल्या होत्या.

"माझा हात धरून खोटं बोललास," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, नाकारायला नाही, ऐकलं म्हणून. "तुझं बोट धरायला गेलो. न्हाई जमलं."

"आणि बाहेरच्या बाईला जमलं?"

"ती बाहेरची हाय. तिला माझ्याबद्दल काय वाटतंय ते घेऊन मला घरी यायचं नव्हतं." मग म्हणाला, "ह्या गल्लीत एक मानूस होता, ज्याला मी चांगला वाटायचो. त्यो पन घालवू का?"

यावर मी काहीतरी चांगलं म्हणायला हवं होतं. समाजकार्य शिकत होतो, दुसऱ्याचं कसं ऐकून घ्यायचं याचे तास झाले होते. मी म्हटलं, "मग ठेव तुझ्याजवळ तुझं," आणि चप्पल घातली.

त्या आठवड्यात मी पुनावळ्याला एका मित्राच्या खोलीवर राहायला गेलो. कॉलेज जवळ पडतं, असं आईला सांगितलं. ते खोटं आहे हे तिलाही कळलं असणार, पण तिने विचारलं नाही. आमच्या घरात न विचारण्याची सवय पक्की आहे. रुग्णालयातलं फील्डवर्क मी पूर्ण केलं. टेबल तेच, कापड तेच. फक्त आता कुणी तळवा टेकवला की मी लगेच शून्य लिहीत नसे. हात धरून थोडा थांबायचो. काही जण मग बोटं धरायचे. काहींना वाटायचं मी संशय घेतोय, आणि ते खरंच होतं. सिस्टर आणि मी कामापुरतं बोलत होतो. माझ्या डब्यात त्यांनी पुन्हा काही ठेवलं नाही. जर्नलमधलं ते वाक्य मी खोडायला घेतलं होतं, पण खाली लाल रेघ आणि मॅडमची सही होती, म्हणून तसंच राहू दिलं.

दादा फोन करायचा नाही. आईच्या फोनवरून आई बोलायची आणि मागे त्याचं खोकणं ऐकू यायचं. तो बरा आहे का, असं मी विचारायचो. बरा आहे, आई म्हणायची. आता तिचं "बरा आहे" किती धरायचं, हे मला ठरवता यायचं नाही. गोळ्या संपल्यावर पुन्हा सुरू झाली असणार, असं मी धरून चाललो होतो. असंच होतं, हे मला पुस्तकातूनही माहीत होतं. तो अजून जड प्रेसवर आहे आणि सकाळी हात थरथरतोय, एवढंच डोळ्यांपुढे यायचं. अनोळखी नंबरवरून फोन आला की तो कंपनीतूनच असणार, असं धरून मी उचलायचो.

एप्रिलच्या एका रविवारी दुपारी मित्राच्या खोलीचं दार वाजलं. वहिनी होत्या. दोन बस बदलून आल्या होत्या, एकट्या, उन्हात, हातात डबा. त्या यापूर्वी कधी पुनावळ्याला आल्या नव्हत्या. आधी मी पाणी दिलं. मग मनात होतं तेच विचारलं, "दादा कुठं आहे? काय झालं?"

"कंपनीत. ओव्हरटाइमला." पदराने मान पुसत त्या खाली बसल्या आणि जरा वेळ खोली बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, मी सांगितलं असं कुठं म्हणायचं नाही. ते दर गुरुवारी जातात, सिस्टरकडं. साडेतीन महिने झाले, घेतलेली न्हाई. थेंबसुदीक न्हाई."

मी त्यांच्या हातातला डबा घेऊन बाजूला ठेवला.

"वर्ष झाल्याशिवाय तुम्हाला सांगायचं न्हाई म्हणालेत. मधीच मोडलं तर पुन्हा तुमच्याच जिवाला लागंल, म्हणून. मला शपथ घातलीय, सासूबाईंना घातलीय. बसच्या ड्रायव्हरला पन माहीत हाय, तो आता त्यांना फाट्यावर उतरवतच न्हाई, गल्लीच्या तोंडाशी आणून सोडतो. तुम्हीच तेवढे ऱ्हायला व्हता."